‘फार कॅज्युअल नको’ म्हणजे नेमकं काय नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तर माणसांचं ऑफिस, त्यांतले पंधराएक जण ग्राहकांना भेटणारे, बाकीचे दिवसभर स्क्रीनसमोर. संचालक म्हणालेत, ‘थोडं कॅज्युअल चालेल, पण फार नको’, आणि हे ‘फार’ कुठे सुरू होतं ते महिन्याभरात लिहून द्यायचं काम तुमच्या अंगावर आलंय. रोज जीन्स चालू द्यावी का, शॉर्ट्सचं काय करावं, आणि नियमच न करता सगळं लोकांच्या समजुतीवर सोडलं तर काय बिघडेल, असं तुम्ही विचारलंय.

रोज जीन्स चालू द्या. शॉर्ट्सचं पुढे सांगते. समजुतीवर मात्र सोडू नका. एचआरमध्ये मला बावीस वर्षं झाली. चार कंपन्यांचे ड्रेस कोड मी लिहिले किंवा मोडीत काढले, आणि त्यातली माझी सगळ्यात मोठी चूक समजुतीवर सोडण्याचीच होती.

त्या कंपनीत शर्ट-ट्राउझर-टायचा जुना नियम होता. तो काढून मी त्या जागी ‘स्मार्ट कॅज्युअल’ एवढे दोन शब्द लिहिले. लोक खूश झाले, मीही झाले. सहा महिन्यांनी एका नव्या मुलाच्या प्रोबेशनच्या कागदांवर विभागप्रमुखांचा शेरा आला: ‘कामात बरा, पण गांभीर्य कमी वाटतं.’ कशावरून, असं मी विचारलं. तीन उदाहरणं निघाली आणि त्यांतली दोन कपड्यांची होती. छापील चित्राचा गोल गळ्याचा टी-शर्ट आणि स्पोर्ट्स शूज. तसाच टी-शर्ट त्याचा टीम लीड आठवड्यातून तीनदा घालायचा आणि त्याच्या गांभीर्याबद्दल कुणाच्या मनात शंका आली नव्हती. मुलाने पहिल्या आठवड्यात आजूबाजूला पाहिलं आणि जे दिसलं ते घातलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच तुकडीतली एक मुलगी तीन महिने रोज कडक इस्त्रीचा फॉर्मल शर्ट घालून येत होती. तिच्या दोन बाजूंना जीन्सवाले बसायचे. विचारल्यावर म्हणाली, ‘त्यांना चालतं म्हणजे मला चालेलच असं कुठे आहे? आणि विचारायचं तरी कुणाला?’

या दोघांना मी नियम दिलाच नव्हता. अंदाज बांधायचं काम त्यांच्यावर ढकललं होतं, आणि अंदाज चुकला तर भोगायचंही त्यांनीच होतं. तेव्हापासून कुठलाही ड्रेस कोड मी एकाच कसोटीवर घासून पाहते. ज्याला उद्या रुजू व्हायचंय आणि जो इथे कुणालाच ओळखत नाही, त्याला आज रात्री कपाटासमोर उभं राहिल्यावर काय काढायचं ते कळतं का? कळत असेल तर टायचा कोडही चालेल आणि टी-शर्टचाही. कळत नसेल तर दोन्ही वाईट.

एकच कपडा माणूस बदलला की वेगळा वाचला जातो, हे लक्षात ठेवा. मे २०१२मध्ये फेसबुकचे शेअर बाजारात येण्याआधी मार्क झकरबर्ग न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूकदारांना भेटायला हुडी घालून गेले. एका विश्लेषकाने त्यावर अपरिपक्वतेचा शिक्का मारला आणि दोन दिवस चर्चा झाली. पण कंपनीचा संस्थापक असल्यामुळे झकरबर्गना तो शिक्का सोसला. तुमच्या सपोर्ट टीममध्ये तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाला सोसणार नाही. सैल नियमाचा फायदा आधी ज्यांचं बस्तान बसलंय त्यांना होतो. ज्यांचं बसलेलं नाही त्यांच्यापर्यंत तो पोचावा असं वाटत असेल तर शब्द खर्च करावे लागतात.

मार्च २०१९मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने आपला ड्रेस कोड सैल केला, तेव्हा कर्मचाऱ्यांना गेलेल्या पत्रात कपड्यांची यादी नव्हती. कामाच्या जागी काय शोभतं आणि काय नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. हे वाक्य मला पटत नाही. ते ज्याने लिहिलं त्याला माहीत असतं. ज्याच्या घरात आजवर कुणी ऑफिसात गेलेलं नाही, त्याला ते कुठून माहीत असणार?

याच्या विरोधात हमखास जनरल मोटर्सचं उदाहरण दिलं जातं, आणि ते खरंच चांगलं आहे. मेरी बारा तिथे एचआरच्या प्रमुख असताना, २००९नंतरच्या त्या पडझडीच्या काळात, त्यांनी दहा पानी ड्रेस कोड काढून टाकला आणि दोन शब्द ठेवले. अर्थ एवढाच की प्रसंगाला साजेसं घाला. ही गोष्ट लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचा भाग जास्त कामाचा आहे. एका वरिष्ठ व्यवस्थापकाने तक्रार केली की माझ्या माणसांना कधी कधी ऐनवेळी सरकारी अधिकाऱ्यांसमोर जावं लागतं, दोन शब्दांनी माझं भागत नाही. बारांनी त्याला स्वतःच्या टीमशी बोलायला सांगितलं. टीमनेच तोडगा काढला: रोज जीन्स घालायची, आणि ऐनवेळी बैठक निघाली तर म्हणून एकेक चांगली पँट लॉकरमध्ये ठेवायची. म्हणजे तिथेही नियम झालाच. तो एचआरच्या कागदाऐवजी प्रत्येक टीमच्या बोलण्यातून झाला. तुमचे सगळे मॅनेजर आपल्या माणसांशी कपड्यांबद्दल न अवघडता, न टोचता बोलू शकत असतील तर दोन शब्द पुरतील. माझ्या अनुभवात दहांतले तीन-चार मॅनेजर ते करू शकतात. उरलेले गप्प बसतात आणि मूल्यमापनाच्या वेळी शेरा लिहितात.

दुसरं टोकही गाठू नका. २०१०मध्ये यूबीएस या बँकेने स्वित्झर्लंडमधल्या काही शाखांसाठी चाळीसहून जास्त पानांची पुस्तिका काढली. अंतर्वस्त्रांचा रंग कोणता असावा इथपर्यंत त्यात मजल गेली होती. जगभर टीका झाली आणि बँकेला ती मागे घेऊन दुरुस्त करावी लागली. तुम्हाला एक पान पुरेल. दुसरं पान लागतंय असं वाटलं, तर आपण नको त्या गोष्टीत शिरतोय असं समजा.

आता पातळी कशी ठरवायची. सुरुवात ग्राहकापासून करा, पण मनातल्या ग्राहकापासून नको. आयबीएम या संगणक कंपनीचा पांढरा शर्ट आणि गडद सूट अनेक दशकं प्रसिद्ध होता. मुळात ती कंपनी घडवणारे थॉमस वॉटसन यांचा विचार साधा होता: समोरचा ग्राहक कसे कपडे घालतो ते पाहा आणि त्याचा मान राखेल असं घाला. त्या काळचे ग्राहक सूटवाले होते म्हणून सूट आला. पुढे संगणक विकत घेणारी माणसं बदलली, त्यांचे कपडे बदलले, पण सूट राहिला. कारण विसरलं गेलं आणि नियम उरला. १९९५मध्ये तेव्हाचे कंपनीप्रमुख लुई गर्स्टनर यांनी तो नियम काढला तेव्हा वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या झाल्या. खरं तर ते वॉटसनच्या मूळ विचाराकडे परत गेले होते.

तेव्हा संचालकांना ‘ग्राहकांना काय वाटेल’ असं विचारू नका, ते स्वतःलाच काय वाटतं ते सांगतील. जे पंधरा जण बाहेर जातात त्यांना महिनाभर नोंद करायला सांगा: आज कुणाला भेटलो, समोरच्याने काय घातलं होतं. एवढ्या साध्या वहीने मी एका कंपनीत दोन वर्षं चाललेला वाद संपवला. निम्म्याहून अधिक ग्राहक आमच्या माणसांपेक्षा साध्या कपड्यांत होते आणि आमचे टायवाले समोर बसले की ते अवघडत होते. दुसऱ्या एका ठिकाणी उलट निघालं. तिथले ग्राहक बँका आणि विमा कंपन्यांचे लोक होते. बाहेर जाताना ब्लेझर हवाच, हे त्या वहीने निर्विवाद ठरवलं.

इथेच लोक घसरतात. ग्राहकांना भेटणारे आणि न भेटणारे अशा माणसांच्या दोन जाती पाडतात. पंधरा जणांना कायमचं फॉर्मल आणि पंचावन्न जणांना टी-शर्ट. महिन्याभरात कुरबुर सुरू होते आणि ती रास्त असते, कारण त्या पंधरांनाही आठवड्यातले तीन दिवस बाहेर जायचं नसतं. कोड माणसाला लावू नका, दिवसाला लावा. आज भेट आहे तर भेटीचे कपडे, नाही तर सगळ्यांसारखे. ऐनवेळच्या भेटीसाठी एक ब्लेझर खुर्चीमागे किंवा कपाटात असू दे.

अपवाद रिसेप्शनचा, आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. रिसेप्शनवरच्या व्यक्तीचा रोजचा दिवस भेटीचाच असतो, म्हणून बहुतेक कंपन्या तिला फॉर्मल सांगतात आणि विषय संपवतात. आता बघा काय होतं. ऑफिसात ज्यांचा पगार सगळ्यात कमी त्यांतली ही एक व्यक्ती, आणि सगळ्यात महाग कपडे तिनेच स्वतःच्या खिशातून घ्यायचे. बाकीचे तिच्यासमोरून टी-शर्टमध्ये आत जाणार. डिसेंबर २०१५मध्ये लंडनमधल्या एका मोठ्या कार्यालयात हंगामी रिसेप्शनिस्ट म्हणून गेलेल्या तरुणीला उंच टाचांचे बूट नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं होतं. तिने पुढे केलेल्या याचिकेवर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी २०१७मध्ये त्यावर अहवाल दिला. टाचेचा नियम पुरुषांना नव्हता, तिला दिवसभर उभं राहून पाहुण्यांना आतल्या खोल्यांपर्यंत न्यायचं होतं, आणि टाचेमुळे त्या कामाला कसलीही मदत होणार नव्हती. तुमच्या संचालकांना रिसेप्शनवर फॉर्मल हवंच असेल तर कंपनीने कपड्यांचे पैसे द्यावेत, हे वाक्य मसुद्यात घालून बघा. पैसे द्यायची वेळ आली की फॉर्मलचा आग्रह किती खरा आहे ते तिथल्या तिथे कळतं.

फॉर्मल कपड्यांनी काम चांगलं होतं, असा मुद्दा तुमच्याकडेही कुणीतरी काढेल. डॉक्टरांचा पांढरा कोट घातल्यावर लक्ष जास्त एकाग्र होतं, असं दाखवणारा एक प्रयोग २०१२मध्ये खूप गाजला होता. २०१९मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग जास्त माणसांवर पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यावर नियम उभारू नका.

ज्याचा परिणाम नक्की होतो ती गोष्ट म्हणजे तापमान, आणि ड्रेस कोडच्या बैठकीत तिचं नावही निघत नाही. कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे, १९४१पासून वापरात असलेलं. साधारण २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामात ठेवणारे कपडे म्हणजे १ क्लो. ढोबळमानाने पुरुषाचा पूर्ण सूट. पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला तर हा आकडा साधारण ०.६वर येतो. म्हणजे संचालक ब्लेझरमध्ये आणि बाकीचे टी-शर्टमध्ये असतील तर एकाच खोलीत दोन हवामानं आहेत, आणि एसीचा रिमोट बहुधा ब्लेझरवाल्याच्या हाती असतो. त्यात भर म्हणजे ऑफिसच्या तापमानाची जुनी गणितं १९६०च्या दशकात सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेली आहेत. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५मध्ये हे मांडलं: बायकांच्या शरीरात उष्णता कमी तयार होते, म्हणून त्या गणिताने ठेवलेली खोली त्यांना थंड पडते. उन्हाच्या दिवसांतही खुर्चीच्या पाठीवर शाल टाकून बसणाऱ्या सहकारी तुम्ही पाहिल्या असतीलच.

जपानने या दोन गोष्टी एकत्र हाताळल्या. २००५च्या उन्हाळ्यात तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने ‘कूल बिझ’ मोहीम काढली. सरकारी कार्यालयांत एसी २८ अंशांवर आणि कोट-टायला सुट्टी. सुरुवातीला लोक बिचकले. टायशिवाय गेलो तर समोरच्याला अपमान वाटेल ही भीती घट्ट होती. पंतप्रधान कोइझुमी आणि त्यांचे मंत्री स्वतः टायशिवाय वावरू लागले, तेव्हा हळूहळू धीर आला. यातून तुमच्यासाठी दोन कामं निघतात. कोड बदलाल त्याच आठवड्यात एसीचं तापमानही ठरवा. आणि संचालकांना सांगा की पहिले पंधरा दिवस त्यांनी स्वतः नव्या कोडच्या खालच्या टोकाचे कपडे घालून यायचंय. परवानगी कागदावर आली आणि साहेब टायमध्येच राहिले तर लोक कागदाकडे बघत नाहीत, साहेबांकडे बघतात.

उलटी चूकही पाहून ठेवा. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या सिनेटने कपड्यांचा जुना अलिखित नियम सैल केला. हुडी आणि शॉर्ट्समध्ये येणाऱ्या एका सदस्यासाठीच हे केलं, असा सगळ्यांचा समज झाला. सवलत फक्त सिनेटरांना होती, त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांना जुनेच नियम. दहा-बारा दिवसांत इतका गदारोळ झाला की पुरुषांनी सभागृहात कोट, टाय आणि पँट घालायलाच हवी, असा लेखी ठराव एकमताने मंजूर झाला. आधी जे अलिखित होतं ते आता लिहिलं गेलं. एका माणसाकडे बोट दाखवता येईल असा नियम करू नका, ना त्याच्या सोयीसाठी, ना त्याला आवरण्यासाठी. तुमच्याकडे हा विषय आत्ताच का निघाला, याचा मला अंदाज आहे. बहुतेक वेळा कुणा एकाच्या चपला किंवा कुणा एकीचा टॉप कुणाच्या तरी डोळ्यांवर आलेला असतो. तसं असेल तर त्या व्यक्तीशी एकट्यात पाच मिनिटं बोला आणि सत्तर जणांचा कोड त्यापासून वेगळा ठेवा.

मसुद्यात बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या याद्या करू नका. मी केल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी बायकांची यादी दुप्पट लांब झाली. गळा किती, बाही किती, लांबी किती. अशी यादी झाली की कुणीतरी मोजणारा लागतो, आणि जो मोजतो त्याच्या नजरेबद्दल पुढची तक्रार माझ्या टेबलावर येते. एकच यादी करा, कपड्यांच्या नावांची, सगळ्यांना सारखी. ‘शालीन’, ‘सभ्य’, ‘आकर्षक’, ‘भडक नको’ हे शब्द मसुद्यात कुठेही येऊ देऊ नका. हे शब्द बघणाऱ्याच्या मनातले असतात, कपड्यात सापडत नाहीत. प्राइस वॉटरहाउस या अमेरिकी फर्ममध्ये १९८२ साली ॲन हॉपकिन्स यांचं नाव भागीदारीसाठी पुढे आलं होतं. काम आणण्यात त्या पुढे होत्या. निर्णय लांबणीवर पडला आणि त्यांना सल्ला मिळाला की चालणं-बोलणं जरा बायकी ठेवा, मेकअप करा, केस नीट करून घ्या, दागिने घाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाईने कसं दिसावं या कल्पनेवरून तिची बढती तोलणं हा लिंगभेदच, असं न्यायालयाने १९८९मध्ये स्पष्ट केलं. तो सल्ला देणाऱ्यांना आपण काही गैर बोलतोय असं बहुधा वाटलंही नसेल. म्हणून माझा आग्रह आहे की मूल्यमापनाच्या फॉर्ममधून ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘सादरीकरण’ असे रकाने काढून टाका. कोडचा भंग झाला असेल तर त्याच दिवशी सांगावं. वर्षाअखेर त्याचा शेरा होता कामा नये.

श्रद्धेमुळे डोकं झाकणारे, तब्येतीमुळे विशिष्ट बूट किंवा सैल कपडे घालावे लागणारे, गरोदर बायका, यांनी परवानगी मागायची गरज पडू नये. ‘हे चालतंच, विचारायची गरज नाही’ एवढं एक वाक्य लिहून ठेवलं की त्यांना कुणापुढे कारण सांगत बसावं लागत नाही. केस, दाढी, टॅटू यांबद्दल काहीच लिहू नका.

शॉर्ट्स. प्रामाणिक उत्तर हे की याला तात्त्विक आधार नाही. गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट चालतो तर गुडघ्यापर्यंतची पँट का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही आणि मलाही देता येत नाही. तरी मी तुम्हाला सुरुवातीला शॉर्ट्स वगळायला सांगेन. तुमच्या संचालकांचा धीर अजून जीन्सपर्यंतच आलाय आणि एकाच वेळी दोन पायऱ्या चढायला लावल्या तर ते दोन्ही नाकारतील. ‘सध्या नाही, सहा महिन्यांनी बघू’ असं लिहा आणि सहा महिन्यांनी खरंच बघा. मात्र ते शॉर्ट्स ‘अशोभनीय’ आहेत असं कारण देऊ नका. ‘सध्या आपण इथपर्यंत आलोय’ हे कारण खरं आहे आणि पुरेसं आहे.

फक्त शुक्रवारी जीन्स, हा मधला मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. त्याचा उगम बघण्यासारखा आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरल्या कापड व्यावसायिकांच्या संघटनेला तिथले रंगीत, सैल शर्ट खपवायचे होते. १९६२मध्ये त्यांनी विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याला असे दोन-दोन शर्ट वाटले, आणि १९६६पासून ‘अलोहा फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारी ऑफिसात असा शर्ट घालणं, रूढ झालं. पुढे १९९२मध्ये, अमेरिकी कंपन्या चाचपडत असताना, जीन्स बनवणाऱ्या लेवाय स्ट्रॉसने कॅज्युअल म्हणजे काय हे सांगणारी माहितीपुस्तिका पंचवीस हजार एचआर मॅनेजरांना पाठवली. चित्रात अर्थातच त्यांच्या पँट होत्या. पण मला एक गोष्ट मान्य करावी लागते: ‘काय घालू’ या प्रश्नाला त्यांनी फोटो दाखवून उत्तर दिलं, आणि ते त्या काळच्या एचआरवाल्यांना जमलं नव्हतं.

शुक्रवारला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. चार दिवस एक आणि पाचव्या दिवशी दुसरं, असं केलं की सैल कपडे हे बक्षीस होतात. बक्षीस झालं की ते काढून घेता येतं. ‘या महिन्याचं टार्गेट झालं नाही, जीन्स बंद’ हे वाक्य मी एका विक्रीप्रमुखाच्या तोंडून ऐकलेलं आहे. जीन्स कामाच्या आड येत नसेल तर ती सोमवारीही येत नाही.

व्हिडिओ कॉलबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. कॅमेऱ्यासमोर ग्राहक असेल तर भेटीचा दिवस, नाही तर रोजचा दिवस. एवढं पुरतं.

तुमच्या जागी मी असते तर पुढचा मसुदा संचालकांपुढे ठेवला असता:

‘रोजच्या दिवशी जीन्स, पँट, स्कर्ट, कुर्ता, शर्ट, कॉलरचा किंवा गोल गळ्याचा टी-शर्ट, स्वेटर, हुडी, बूट, स्पोर्ट्स शूज, सँडल यांतलं काहीही चालतं. पारंपरिक पोशाख चालतो. बाहीची सक्ती नाही. कपडे धुतलेले आणि न फाटलेले असावेत. मुद्दाम फाडून विकलेली जीन्स सध्या नको. शॉर्ट्स, व्यायामाचे कपडे आणि रबरी स्लीपर सध्या नकोत. शिवी किंवा कुणाचा अपमान करणारा मजकूर छापलेले कपडे कधीच नकोत. ग्राहकाला प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यावर भेटायचं असेल त्या दिवशी कॉलरचा शर्ट किंवा तितकाच नीटनेटका पोशाख आणि बंद बूट. ब्लेझर लागणार असेल तर मॅनेजर आदल्या दिवशी सांगतील. श्रद्धा, तब्येत किंवा गरोदरपण यांमुळे काही वेगळं घालत असाल तर ते चालतंच, विचारायची गरज नाही. काही खटकलं तर मॅनेजर त्याच दिवशी, एकट्यात बोलतील. कपड्यांवरून कुणालाही घरी पाठवलं जाणार नाही आणि कुणाचाही पगार कापला जाणार नाही. हा कोड संचालकांसह सगळ्यांना लागू आहे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.’

यात प्रत्येक कपड्याला नाव आहे, आणि नाव असलेली यादी वाद कमी करते. ‘बाहीची सक्ती नाही’ या वाक्यावर संचालक अडतील. अडू द्या, पण ती चर्चा बंद दाराआड आत्ताच होऊ दे. तिथे उत्तर मिळालं नाही तर ते उत्तर पुढे एखाद्या मुलीला कॉरिडॉरमध्ये ऐकावं लागतं. फाटक्या जीन्सवर माझा आग्रह नाही, तो सौदा करायला ठेवलेला मुद्दा आहे. संचालकांना काहीतरी नाकारल्याचं समाधान लागतं.

जाहीर करण्याआधी मसुदा तीन जणांना दाखवा: रिसेप्शनवरच्या व्यक्तीला, शेवटी रुजू झालेल्याला, आणि फार न बोलणाऱ्या एखाद्या मॅनेजरला. पहिल्या दोघांना एकच विचारा, ‘हे वाचून उद्या काय घालाल?’ दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर मसुदा अजून तयार नाही. मॅनेजरला विचारा, ‘यातली कुठली गोष्ट टीममधल्या कुणाला सांगायला तुम्हाला जड जाईल?’ जी गोष्ट सांगायला जड जाते ती नियमात ठेवून उपयोग नसतो, कारण ती कुणीच सांगत नाही. मग एके दिवशी ती भलताच माणूस भलत्याच शब्दांत सांगतो.

आणि हे पान नव्या माणसाला रुजू होण्याच्या दिवशी इतर कागदांच्या गठ्ठ्यात देऊ नका. ऑफर लेटरसोबतच पाठवा, दोन-चार साध्या फोटोंसह. ते फोटो तुमच्याच ऑफिसातल्या माणसांचे, त्यांना विचारून काढलेले असावेत. ज्याची पहिलीच नोकरी आहे तो ऑफर हातात पडताच कपडे विकत घ्यायला जातो, आणि तेव्हा त्याचा पहिला पगार व्हायला अजून दोन महिने असतात.